एकच कऱ्हाड तीन वेळा: पायथनमध्ये मराठी मजकूर हाताळण्याची रीत

साताऱ्यातील एका वाचनालयाच्या सभासदांच्या तीन याद्या एकत्र करण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा गावांच्या रकान्यात ‘कऱ्हाड’ हे नाव तीन वेगवेगळी गावे असल्यासारखे तीन ओळींत आले. पडद्यावर तिन्ही नावे तंतोतंत सारखी दिसत होती, अक्षरे कितीही मोठी करून पाहिली तरी फरक दिसत नव्हता, आणि तरीही पायथन त्यांना समान मानत नव्हता. त्या कामात जे शिकायला मिळाले ते मराठी मजकुरावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कोणालाही लागेल, म्हणून येथे मांडत आहे. उदाहरणे पायथन ३ ची आहेत. फंक्शनांची आणि मॉड्यूलांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत लिहावयाची आहेत.

आधी स्ट्रिंगच्या आत पाहा

पायथन ३ मधील स्ट्रिंग ही कोड पॉइंटांची रांग असते. कोड पॉइंट म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला नेमून दिलेला क्रमांक. देवनागरीच्या मुख्य गटासाठी सोळाच्या पायावरील ०९०० ते ०९७एफ असे १२८ क्रमांक राखलेले आहेत. त्यात ‘क’चा क्रमांक ०९१५, म्हणजे दशमान पद्धतीत २३२५ आहे. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह यांनाही प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. साठवण्याचा क्रम उच्चाराचा असतो, दिसण्याचा नव्हे: ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण स्ट्रिंगमध्ये ती ‘क’च्या नंतर असते, आणि ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर दिसत असला तरी त्याचा ‘र’ आणि त्याचे पाय मोडणारे चिन्ह हे दोन्ही ‘य’च्या आधी येतात.

त्यामुळे ‘सातारा’ या शब्दाची लांबी विचारली तर तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. शाळेतले मूल तीन अक्षरे सांगेल. पायथनचे लेन हे फंक्शन सहा सांगेल, कारण तीन व्यंजने आणि तीन काने. हाच शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, फाइलीत लिहिला तर तो अठरा बाइट जागा घेईल, कारण देवनागरीच्या या मुख्य गटातील प्रत्येक कोड पॉइंटला तेथे तीन बाइट लागतात. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याला नेमके कोणते हवे आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी ठरवले नाही, तर पुढच्या बहुतेक चुका तेथूनच निघतात.

दोन स्ट्रिंग सारख्या दिसूनही समान ठरत नसतील, तर डोळ्यांवर विसंबू नये. स्ट्रिंगमधील एकेका चिन्हावरून फॉर-लूप फिरवावा, प्रत्येकाचा क्रमांक ऑर्ड या फंक्शनने सोळाच्या पायावर छापावा आणि युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील नेम या फंक्शनने त्याचे अधिकृत नावही शेजारी छापावे. चार ओळींचा हा प्रोग्रॅम मी कायम हाताशी ठेवतो. वाचनालयाच्या यादीतल्या तीन कऱ्हाडांवर तो चालवला तेव्हा पहिल्यात सहा कोड पॉइंट निघाले: क, ऱ, पायमोड, ह, काना, ड. दुसऱ्यात सात होते, कारण तेथे ‘ऱ’च्या जागी साधा ‘र’ आणि त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे अक्षराखाली दिला जाणारा ठिपका, होता. तिसऱ्यातही सातच, पण वेगळे: साधा ‘र’, पायमोड आणि त्यामागे २००डी या क्रमांकाचे अदृश्य चिन्ह. शून्य रुंदीचे हे जोडचिन्ह शेजारच्या अक्षरांचे रूप बदलते, स्वतः मात्र दिसत नाही.

हे तीन प्रकार कोणाच्या निष्काळजीपणाने आलेले नाहीत. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबून मिळणारा ‘ऱ’ पहिला प्रकार देतो, काही जुनी साधने आणि रूपांतरक तिसरा प्रकार देतात, आणि मजकुराचे सुटे भाग करणारा एखादा प्रोग्रॅम मध्ये आला की दुसरा तयार होतो. साताऱ्याच्या माणसाला यातून सुटका नाही, कारण गावाचे नाव नुसते ‘सातारा’ असेपर्यंत सरळ असते. ‘साताऱ्याला’, ‘साताऱ्याचा’, ‘साताऱ्यातील’ म्हटले की हा ‘ऱ’ आलाच.

फाइल उघडताना

तुलनेकडे वळण्यापूर्वी मजकूर आत नीट आला आहे याची खात्री करावी. ओपन हे फंक्शन वापरताना एन्कोडिंग, म्हणजे मजकूर बाइटांत लिहिण्याची यूटीएफ-८ सारखी पद्धत, नेहमी स्पष्ट लिहावे. ते न लिहिल्यास विंडोजवर पायथनच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्या संगणकाच्या स्थानिक सांकेतिकीकरणाने फाइल वाचतात आणि मराठीचा चिखल होतो. तो चिखल ओळखण्याची खूण सांगून ठेवतो. देवनागरीच्या मुख्य गटातील प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये २२४ या बाइटने सुरू होतो आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. हे बाइट विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा विंडोजचा जुना तक्ता) म्हणून वाचले गेले की डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाचे सामान्य चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, अशी जोडी पानभर दिसते. अशा मजकुरातील माहिती बहुतेक वेळा शाबूत असते, फक्त ती चुकीच्या तक्त्याने वाचलेली असते.

मात्र उलट दिशेने दुरुस्ती करताना एक अडचण येते. पायमोडाचा तिसरा बाइट १४१ आणि ऱ्हस्व उकाराचा १२९ आहे, आणि विंडोज-१२५२ च्या तक्त्यात या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. त्यामुळे वाटेतल्या एखाद्या प्रोग्रॅमने हे बाइट गाळले असतील, तर साधी अक्षरे परत मिळतात, पण जोडाक्षरे आणि ऱ्हस्व उकार कायमचे जातात. म्हणूनच मूळ फाइल जपून ठेवावी आणि दुरुस्ती नेहमी तिच्या प्रतीवर करावी. डीकोड करताना, म्हणजे बाइटांतून मजकूर वाचताना, चुका दुर्लक्षित करण्याचा पर्याय पायथन देतो, पण तो मी कधीही वापरत नाही. प्रोग्रॅम थांबला तर दोष कोठे आहे ते कळते, दुर्लक्ष केले तर एखाद्या सभासदाच्या नावातले अक्षर कोणाच्याही नकळत नाहीसे होते.

एक्सेलमधून यूटीएफ-८ स्वरूपात जतन केलेल्या सीएसव्ही फाइलीच्या आरंभी एक अदृश्य चिन्ह असते. साध्या यूटीएफ-८ ने वाचल्यास ते पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटते आणि ‘नाव’ या रकान्याचा शोध घेतला असता तो सापडत नाही. यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग दिल्यास ते चिन्ह असले तर काढले जाते आणि नसले तरी वाचनात काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट वेगळीच समजून घ्यावी लागते. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर मुळात युनिकोड नसतो. तेथे रोमन किंवा अन्य चिन्हांनाच मराठी आकार दिलेले असतात. तो डीकोड करून मराठी होत नाही, त्या त्या फाँटचा रूपांतरक वापरूनच तो युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि रूपांतरानंतर वेलांट्या व रफार डोळ्यांखालून घालावे लागतात.

तीन कऱ्हाडांचे एक कऱ्हाड

सारख्या दिसणाऱ्या मजकुराला एकाच रूपात आणण्याच्या क्रियेला युनिकोडमध्ये नॉर्मलायझेशन म्हणतात. युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ या फंक्शनला एनएफसी हा प्रकार आणि आपली स्ट्रिंग दिली की ‘र’ आणि नुक्ता यांची जोडी एकसंध ‘ऱ’ होते. म्हणजे दुसरे कऱ्हाड पहिल्यात विलीन होते. एनएफडी हा प्रकार दिल्यास उलट घडते आणि ‘ऱ’ फुटून दोन कोड पॉइंट होतात. संपूर्ण प्रोग्रॅममध्ये यांपैकी एकच प्रकार ठरवावा. मराठीसाठी मी एनएफसी घेतो.

तिसरे कऱ्हाड मात्र एनएफसी केल्यावरही जसेच्या तसे राहते. युनिकोडच्या दृष्टीने ‘र, पायमोड, जोडचिन्ह’ ही रांग आणि ‘ऱ, पायमोड’ ही रांग समतुल्य नाहीत, जरी मराठी वाचकाला दोन्हींतून एकच रूप दिसते. ही जोडणी आपणच करावी लागते: रिप्लेस या मेथडने ‘र, पायमोड, जोडचिन्ह’ या तीन कोड पॉइंटांच्या जागी ‘ऱ, पायमोड’ हे दोन घालावेत.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, ती आधीच झाडून टाकावीत, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो पाळून जोडचिन्ह आधी काढले तर मागे उरतो ‘र, पायमोड, य’, आणि त्याचा होतो रफार. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ अशाने ‘दर्या’ होतात, म्हणजे दरीच्या जागी समुद्र येतो. दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनालाही चूक दिसणार नाही. म्हणून आधी वरील बदल करावा, मग एनएफसी करावे, आणि त्यानंतरच, तेही फक्त तुलनेसाठी बनवलेल्या प्रतीतून, उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. नावाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा स्ट्रिप काढते, पण शून्य रुंदीची चिन्हे ती मोकळी जागा मानत नाही, त्यामुळे त्यांची नावे घेऊनच ती काढावी लागतात.

‘ॲ’ची कथाही अशीच आहे. या अक्षराला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक युनिकोडच्या २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत, आणि अनेक फाइलींत आजही तसेच आढळते. हे दोन प्रकारही एनएफसीने एक होत नाहीत. सभासदांच्या यादीत ‘ॲड.’ ही उपाधी दोन्ही प्रकारांनी लिहिलेली होती, म्हणून हा बदलही मी त्याच फंक्शनमध्ये हाताने घातला. कोणी ‘अ’ला काना जोडून ‘आ’ लिहिला असेल तर तोही असाच वेगळा राहतो.

एवढे सगळे करूनही ‘कऱ्हाड’ आणि ‘कराड’ ही दोन रूपे वेगळीच राहतील आणि ती वेगळी राहणेच योग्य आहे. तो लेखनातला भेद आहे, संकेतांकांतला नव्हे. त्यासाठी गावांच्या पर्यायी नावांचा एक छोटा तक्ता स्वतंत्र ठेवावा. नॉर्मलायझेशनच्या फंक्शनमध्ये तो मिसळू नये.

फलटण चालते, सातारा चालत नाही

नावाच्या रकान्यात अक्षरांखेरीज काही भरले जाऊ नये म्हणून अनेक जण इझअल्फा ही मेथड लावतात. रोमन मजकुरात ती ठीक चालते. मराठीत तिचे काय होते ते पाहण्यासाठी मी सातारा जिल्ह्यातील अकराही तालुक्यांची नावे तिला देऊन पाहिली: सातारा, कराड, पाटण, वाई, जावळी, महाबळेश्वर, खंडाळा, फलटण, माण, खटाव आणि कोरेगाव. फक्त फलटण उत्तीर्ण झाले. कारण असे की युनिकोड काना, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोड यांना अक्षर या वर्गात न ठेवता चिन्ह या वर्गात ठेवते आणि इझअल्फा फक्त अक्षर हाच वर्ग मानते. फलटण या नावात चार व्यंजने आहेत आणि कोणतेही चिन्ह नाही, म्हणून ते एकटे सुटले. चाचणीसाठी प्रोग्रॅमरने नेमके फलटण निवडले असते, तर दोष हाती लागलाच नसता. याउलट, पायथनमध्ये ‘सातारा’ हे व्हेरिएबलचे नाव म्हणून पूर्णपणे वैध आहे, कारण तेथे चिन्हांचाही विचार केलेला आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही, म्हणजे नमुना देऊन मजकुरात शोध घेण्याच्या रीतीतही, हाच धोका आहे. पायथनबरोबर येणाऱ्या आरई मॉड्यूलमध्ये शब्दातील अक्षरांसाठी उलट-तिरकी रेघ आणि लहान डब्ल्यू लिहितात. त्या नमुन्याने ‘सातारा’तून शब्द शोधल्यास एक शब्द न मिळता स, त आणि र असे तीन तुकडे मिळतात आणि काने गळून पडतात. शब्दाची सीमा दाखवणारा नमुनाही त्यामुळे काना आला की शब्द संपला असे समजतो. यावर सोपा उपाय म्हणजे ०९०० ते ०९७एफ हा पूर्ण पल्ला आणि शून्य रुंदीची दोन चिन्हे (जोडणारे २००डी आणि जोड तोडणारे २००सी) मिळून स्वतःचा अक्षरसंच नमुन्यात लिहिणे. या पल्ल्यात दंड आणि देवनागरी अंकही येतात हे लक्षात ठेवावे आणि नको असल्यास ते वगळावेत. रेजेक्स नावाचे वेगळे मॉड्यूल बसवल्यास अक्षर आणि चिन्ह हे युनिकोडचे वर्ग थेट नावाने मागता येतात. मोठ्या कामाला मी तेच वापरतो.

मोजणे आणि कापणे

ओळखपत्रावर नाव बसवण्यासाठी स्ट्रिंगचा पहिला भाग कापून घेणे हा नेहमीचा प्रकार आहे. ‘महाबळेश्वर’चे पहिले आठ कोड पॉइंट घेतले तर ‘महाबळेश्’ असा पाय मोडलेला तुकडा हाती येतो आणि चूक लगेच दिसते. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे न दिसणारी चूक: ‘सातारा’चे पहिले तीन कोड पॉइंट ‘सात’ होतात आणि ‘सांगली’चे पहिले चार ‘सांग’. दोन्ही नीट मराठी शब्द आहेत, म्हणून छापील कागद हातात येईपर्यंत कोणाला शंका येत नाही. स्ट्रिंग उलटी केली तर ‘सातारा’चा शेवटचा काना एकटा सुरुवातीला येतो आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा राहतो.

वाचकाला जे एक अक्षर वाटते त्याला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि कापणे नेहमी त्याच्या सीमेवर व्हावे. रेजेक्स मॉड्यूलमध्ये उलट-तिरकी रेघ आणि मोठा एक्स हा नमुना एकेक क्लस्टर देतो. त्या नमुन्याने यादी बनवावी, हवी तेवढी अक्षरे घ्यावीत आणि पुन्हा जोडावीत. जोडाक्षरांबाबत मात्र सावध राहावे. जुन्या नियमांप्रमाणे ‘श्व’ हे दोन क्लस्टर होते, ‘श्’ आणि ‘व’, त्यामुळे महाबळेश्वरची अक्षरे सात भरत. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम आला आणि उत्तर शाळेतल्या मुलाप्रमाणे सहा झाले. आपल्याकडील मॉड्यूल कोणता नियम पाळते ते याच शब्दावर तपासून घ्यावे.

अंकांचे काम त्या मानाने सुखाचे आहे. साताऱ्याचा पिनकोड देवनागरीत ‘४१५००१’ असा लिहून इंट या फंक्शनला दिला तरी पायथन तो बिनतक्रार संख्या म्हणून घेतो, आणि अंक शोधणारा रेग्युलर एक्स्प्रेशनचा नमुनाही देवनागरी अंक ओळखतो. पण स्ट्रिंग म्हणून पाहिले तर देवनागरीतला पिनकोड आणि इंग्रजी अंकांतला पिनकोड समान नसतात. म्हणून मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट या मेथडींच्या साहाय्याने सर्व अंक एकाच लिपीत आणून मगच जुळवावेत.

वर्णानुक्रम

सॉर्टेड हे फंक्शन मराठी वर्णमाला जाणत नाही. ते कोड पॉइंटांचे क्रमांक पाहते. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतली, आणि त्या मानकात ब्राह्मीपासून आलेल्या लिप्यांसाठी एकच सामाईक तक्ता होता. म्हणून तेथे ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसला आहे, तर आपण ‘ह’नंतर ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ म्हणत मोठे झालो. परिणामी ‘काळगाव’ हे ‘कासेगाव’च्या आधी येते, ‘क्षेत्र माहुली’ ‘क’च्या रांगेत जाऊन बसते, आणि ‘ॲ’ने सुरू होणारी सर्व नावे ‘ह’च्याही खाली, यादीच्या तळाशी जातात.

यासाठी सॉर्टेडला ‘की’ या नावाच्या पर्यायातून स्वतःचे फंक्शन द्यावे. त्यात स्ट्रिंगचे रूपांतर आकड्यांच्या यादीत करावे: सामान्य कोड पॉइंटला त्याचाच क्रमांक, ‘ळ’ला ‘ह’च्या २३६१ या क्रमांकानंतरचा २३६१.१, ‘क्ष’ या तीन कोड पॉइंटांच्या रांगेला मिळून २३६१.२ आणि ‘ज्ञ’ला २३६१.३. पूर्णांकच हवेत असा कोणताही नियम नाही, त्यामुळे मधली जागा सहज मिळते. ‘ॲ’ कोठे ठेवावा याबद्दल दोन मते संभवतात: वर्णमालेप्रमाणे ‘ए’नंतर, किंवा शोधणाऱ्याच्या सोयीसाठी ‘अ’नंतर. सभासदांच्या यादीसाठी मी दुसरे मत घेतले, आणि ‘ॲड.’ सारख्या उपाध्या क्रम लावण्यापुरत्या नावापासून अलग केल्या. काम मोठे असेल तर आयसीयू या युनिकोडच्या कामांसाठीच्या तयार फंक्शनसंग्रहाचे पायथनमधील रूप वापरून मराठीचे वर्णानुक्रमाचे नियम मागता येतात; तेव्हाही वरील तीन नावे देऊन येणारा क्रम स्वतः पाहावा.

या सर्व फंक्शनांतून निघालेला मजकूर मी वेगळ्या रकान्यात ठेवतो, आणि सभासदाने जसे लिहिले तसे नाव मूळ रकान्यात राहू देतो. शोध, तुलना आणि क्रमवारी नव्या रकान्यावरून होते, पण ओळखपत्रावर मूळच छापले जाते: ज्याने कऱ्हाड लिहिले त्याला कऱ्हाड, आणि ज्याने कराड लिहिले त्याला कराड.